गोव्यात नवीन आहात? चोरीस आणि गावठी भाजी निखाऱ्यावर भाजण्याआधी हे वाचा

गोव्यात राहायला आल्यावरच्या पहिल्याच डिसेंबरात आम्ही अंगणात शेगडी मांडली. कोल्हापूरहून भाऊ-वहिनी आले होते. म्हापशाच्या बाजारातून चोरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजची, लालबुंद माळ आणली होती. मी मणी सोडवले आणि थेट तापलेल्या जाळीवर ठेवले. दोन मिनिटांत चरबी निखाऱ्यांवर ठिबकायला लागली, हातभर ज्वाळा उठली आणि मिरचीचा धूर असा पसरला की सगळे ठसकत घरात पळाले. मणी बाहेरून कोळसा झालेले. एक फोडून पाहिला तर आतलं मांस मऊ, चिकट, सरळसरळ कच्चं. सगळं फेकून द्यावं लागलं आणि पाहुण्यांना पिठलं-भात वाढला.

शेजारच्या आंटी कुंपणापाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाये, पयलीं उदकांत उकड, मागीर उजो." आधी पाण्यात उकड, मग आग. तेव्हापासून मी तसंच करते आणि पुन्हा कधी चोरीस वाया गेला नाही. बाहेरून आलेल्या मराठी घरांत हीच चूक मी बरेचदा पाहिली आहे, म्हणून सगळं क्रमवार लिहितेय.

हे इतर सॉसेजसारखं का नाही

दुकानातल्या फ्रीजरमधलं चिकन सॉसेज बहुतेक वेळा आधीच शिजवलेलं असतं, आपण ते फक्त गरम करतो. गोव्याचा चोरीस कच्चा असतो. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे छोटे तुकडे मीठ लावून ठेवतात. मग लाल मिरची, लसूण, आलं, हळद, मिरी, लवंग, दालचिनी माडाच्या विनेगरमध्ये वाटून तो मसाला चोळतात. तुकडे मुरले की आतड्यात भरतात, दोऱ्याने मणी बांधतात आणि उन्हात, धुरावर वाळवतात. मीठ, विनेगर आणि धूर यांच्यामुळे तो टिकतो, पण टिकतो म्हणजे शिजलेला असतो असं नाही. वाळलेला दिसतोय म्हणून तसाच तोंडात टाकू नका, मुलांनाही चाखायला देऊ नका.

नाव पोर्तुगीज, पद्धतीचं मूळही तिकडचंच, पण इथे आल्यावर विनेगर माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, झालं आणि तिखट वाढलं. पाव आणि बटाटा हे शब्दही पोर्तुगीजांबरोबरच आपल्याकडे आले. म्हणजे खाली जे ताट सांगणार आहे त्यातल्या तीन मुख्य गोष्टी एकाच वाटेने आलेल्या आहेत, आणि त्या एकत्र इतक्या छान का लागतात ते खाल्ल्यावर कळतं.

काय काय लागेल (चौघांसाठी)

- चोरीस: पाव किलो
- बटाटे ३, कांदे ५, मोठं वांगं १, भेंड्या १२ ते १५, ढोबळी मिरची २, टोमॅटो ३
- पोई (कोंडा लावलेला, आतून पोकळ गोव्याचा पाव) किंवा साधा पाव: ८
- माडाचं विनेगर, हिरवी मिरची, कोथिंबीर, खोबरेल
- लाकडी कोळसा: दीड ते दोन किलो, पेटवायला चार-पाच करवंट्या
- लोखंडी शेगडी किंवा कोरडे चिरे, वर जाळी
- मासे भाजायची दुहेरी जाळी (मिटणारी, दांड्याची)
- लांब चिमटे दोन, लोखंडी सळ्या, जाड बुडाचं पातेलं, बिडाचा छोटा तवा
- बादलीभर वाळू

दुहेरी जाळी नसेल तर आधी ती घ्या, बाकीच्या गोष्टींना पर्याय निघतो. माळेचे मणी इतके छोटे असतात की साध्या जाळीच्या फटीतून सरळ निखाऱ्यात पडतात.

१. चोरीस निवडणं

उत्तर गोव्यात असाल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, दक्षिणेत मडगावचा बाजार. दोन्हीकडे माळा टांगलेल्या दिसतात आणि विकणाऱ्या बायका विचारलं की नीट सांगतात. मी विचारते, "आंटी, हे कितल्या दिसांचे?" जेवढे जास्त दिवस वाळलेला तेवढा घट्ट. निखाऱ्यासाठी मला घट्टच लागतो, ओलसर असला तर भाजताना फुटतो.

बोटाने दाबून बघा. मणी टणक हवा, बोटाला तेलाचा आणि मिरचीचा लाल डाग लागला तर काही बिघडत नाही. पण चिकट बुळबुळीत लागला किंवा विनेगर, लसूण, धूर यांपलीकडे कुबट वास आला तर घेऊ नका. चरबी किती आहे ते बाहेरून समजत नाही. म्हणून पहिल्यांदा एकाच विक्रेतीकडून अर्धी माळ घ्या, घरी शिजवून बघा, आवडला तर पुढच्या वेळी तिच्याकडेच जा. सगळ्यांचा मसाला वेगळा असतो. आमच्याकडे आता एकच घर ठरलेलं आहे.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, लोक पुरुमेंत भरतात, म्हणजे चार महिन्यांची बेगमी: सुकी मासळी, सोलं (आमसुलं), मिरची आणि चोरीस. पूर्वी माळा चुलीवर धुरात टांगून ठेवत. आता तुमच्या फ्लॅटमध्ये चूल नाही, त्यामुळे माळ फ्रीजमध्येच ठेवा. जास्त दिवस ठेवायची असेल तर फ्रीजरमध्ये.

२. भाजी निवडणं

गोव्यातली बरीचशी भाजी घाटावरून, बेळगावहून येते. कांदे, बटाटे, ढोबळी मिरची फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावरून घ्या, स्वस्त पडतात. पण वांगं आणि भेंडी गावठी मिळाली तर तीच घ्या. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडे बघा, "गावठी आहे का?" असं विचारलं की पुरतं.

आगशी गावची वांगी मोठी, तुकतुकीत, गराळ असतात. आणि इथली सात शिरांची भेंडी, लांब आणि फिकट हिरवी, पावसात येते. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्या नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात. मोजून बघा, एकदा मोजली की बाजारात लांबूनही ओळखू येते.

पावसाळ्यात नीरफणस मिळाला तर सोडू नका. साल काढून बोटभर जाड चकत्या करा, किंचित उकडून घ्या आणि भाजा.

३. चोरीस उकडणं

सगळ्या लेखात महत्त्वाची पायरी हीच आहे, त्यामुळे जरा तपशिलात सांगते.

आधी दोरे काढा. दोन मण्यांच्या मध्ये सुती दोरा इतका आवळलेला असतो की तो कातड्यात रुतून बसतो आणि मसाल्यामुळे लाल झाल्याने दिसत नाही. कात्रीने कापा, ओढून काढा आणि मोजा. बारा गाठी असतील तर बारा दोरे बाजूच्या बशीत दिसले पाहिजेत. मोजले नाहीत तर तेराव्या घासाला कुणाच्या तरी दातात येतो.

जाड बुडाच्या पातेल्यात मणी ठेवा, दीड कप गार पाणी घाला. बटाटे सालासकट मोठ्या फोडी करून त्यातच टाका. मीठ घालू नका. झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटं शिजू द्या. दहा मिनिटांनी एकेका मण्याला काट्याने एकदाच टोचा, म्हणजे तो फुटत नाही आणि चरबी सुटायला लागते. मग झाकण काढून पाणी आटवा.

इथे कान द्या. पाणी आहे तोवर पातेल्यातून रटरट आवाज येतो. पाणी संपलं की तो बदलतो आणि चरचर सुरू होते. खाली लाल, पारदर्शक तेल दिसतं. त्याच क्षणी गॅस बंद करा. एक मिनिटही उशीर केला तर मसाला करपतो आणि तेल कडू होतं.

पातेलं कलतं करून ते तेल वाटीत काढा. ते सोन्यासारखं जपा, पुढची भाजी त्यावरच होणार आहे.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. मिरचीमुळे मांस आत लालच राहतं, पूर्ण शिजलं तरीही. सगळ्यात मोठा मणी मधोमध कापा. तुकडे एकमेकांपासून सुटे, घट्ट आणि धागेदार दिसले तर झालं. मऊ, चकचकीत, चिकट असेल तर अर्धा कप पाणी घालून पुन्हा ठेवा. मांसाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ७१ अंश सेल्सिअस आलं पाहिजे.

कच्चा चोरीस ठेवलेली बशी, कात्री आणि हात साबणाने धुऊनच भाजीला लागा.

४. जागा आणि निखारे

कोळशाची शेगडी घरात, बंद बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात कधीही पेटवू नका, खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो. पाऊस आला म्हणून धगधगती शेगडी घरात आणणारेही मी पाहिले आहेत. पाऊस आला तर बेत मोडा आणि चोरीस तव्यावर करा.

अंगणात असाल तर माडाखाली बसू नका. नारळ पडतो, सुकी झावळही पडते आणि ती पेट घेते. दोन चिऱ्यांवर जाळी ठेवणार असाल तर चिरे कडक उन्हात वाळलेले हवेत. पावसात भिजलेला दगड तापला की फुटू शकतो.

फ्लॅटच्या गच्चीवर करणार असाल तर सोसायटीला आधी विचारा आणि शेजाऱ्यांचे कपडे दोरीवर नाहीत ना ते बघा. समुद्रकिनाऱ्यावर करायचा बेत अजिबात नको. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ च्या कायदा दुरुस्तीपासून बंदी आहे आणि दंड होतो. नव्याने आलेल्यांना हे माहीत नसतं.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल नको. करवंट्या आणि थोडं सुकं सोडण (नारळाची शेंड्यांची साल) पुरतं. करवंटी जोरात पेटते, तिच्यावर कोळसा रचा. जेवायच्या सुमारे दीड तास आधी पेटवा. कोळसे काळे आहेत तोवर काहीही ठेवायचं नाही. वर राखेचा पांढुरका थर आला की ते तयार.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. शेगडीच्या एका बाजूला ढीग करा, दुसरी बाजू जवळजवळ रिकामी ठेवा. एकीकडे कडक आच, दुसरीकडे मंद. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. चार-पाच आकडे मोजेपर्यंत धरता आला तर भाजीसाठी आच बरोबर. दोन आकड्यांतच हात काढावा लागला तर दहा मिनिटं थांबा.

ज्वाळा उठली तर पाणी मारू नका, पेटलेलं तेल उडतं. जाळी उचलून बाजूला घ्या. मोठीच असेल तर वाळू टाका.

५. भाजी भाजणं

अर्धा कापलेला कांदा, कापलेली बाजू खाली ठेवून, काट्याला टोचा, तो चोरिसाच्या तेलात बुडवा आणि गरम जाळीवर फिरवा. आजी तव्याला तेल लावायची तसंच. भाजी चिकटत नाही आणि पहिला वास तिथूनच सुटतो.

क्रम असा: आधी कांदे आणि वांगं, मग बटाटे, मग ढोबळी मिरची आणि भेंडी, शेवटी टोमॅटो.

कांदे चौथाई करा, पण देठाचा भाग ठेवा म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. बटाटे आधीच शिजलेत आणि त्यांनी चोरिसाचं मीठ ओढून घेतलंय, त्यांना फक्त कडक बाजूला खरपूस कड आणायची.

वांग्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त ते बिघडतं. बोटभर जाड चकत्या करा. बहुतेक जण चकतीला आधीच भरपूर चरबीचं तेल लावतात, आणि वांगं ते सगळं पिऊन टाकतं. मग ते तेलकट, खारट आणि जड होतं. सुरुवातीला बोटाने खोबरेलाचा नुसता हात फिरवा. मंद बाजूला ठेवून दोन्हीकडून भाजा, गर अर्धा मऊ होऊ द्या. गर आतून पाणी सोडायला लागला की त्यानंतरच चोरिसाचं तेल वरून लावा आणि कडक बाजूला मिनिटभर ठेवा. तेव्हा वांगं तेल पीत नाही, ते वरच राहून खरपूस होतं. चकती चिमट्यात धरली आणि मधे वाकली की झाली.

भेंडी चिरू नका. देठासकट अख्खी ठेवली की आतला चिकटा बाहेर येत नाही. पाच-सहा भेंड्या शेजारी शेजारी ठेवून दोन सळ्या आडव्या खोचा, शिडीसारखं. एकाच सळीवर त्या उलटवताना गोल फिरतात.

टोमॅटो अर्धे करून कापलेली बाजू वर. खाली ठेवली तर रस निखाऱ्यात जातो.

सगळ्या भाजीला मीठ खाऊन बघितल्यावरच. चोरिसातलं मीठ तेलात आणि बटाट्यात उतरलेलं असतं. मी आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला पहिल्या वर्षी वरून भुरभुरवायची, आणि चोरिसाची चव पार झाकून जायची. इथे मसाला आधीच आत आहे, वरून काही लागत नाही.

६. चोरीस शेवटी, आणि थोडाच वेळ

उकडलेले मणी दुहेरी जाळीत मिटा आणि निखाऱ्यांच्या कडेला, मध्यम आचेवर धरा. तीन ते चार मिनिटं, सारखं उलटत. शिजवायचं काम झालेलं आहे, आता फक्त धुराचा वास हवा. चरबी आधीच पातेल्यात उतरल्यामुळे ज्वाळा उठत नाहीत. साल कुठे कुठे काळपट झाली की काढा.

७. पोईत भरणं

पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत सकाळी आणि संध्याकाळी येतो. संध्याकाळच्या फेरीत पोई घेऊन ठेवा. पोईवर कोंडा असतो आणि ती आतून पोकळ असते, त्यामुळे भरायला पावापेक्षा सोपी पडते.

बिडाच्या तव्यात चमचाभर लाल तेल, भाजलेला कांदा, मण्यांची साल काढून आतलं मांस. नुसतं मिसळायचं. पोई मंद बाजूला दोन मिनिटं शेकवा, एका कडेला फाडा आणि भरा. भाजी बाजूला ताटात.

बरोबर कच्चा कांदा: पातळ उभा चिरून, चमचाभर माडाचं विनेगर, हिरवी मिरची, कोथिंबीर. दहा मिनिटं मुरू द्या. चरबी तोंडात साचते, हा कांदा ती कापून काढतो. नंतर सोलकढी असेल तर उत्तम.

८. सगळेच चोरीस खात नाहीत

गोव्यात कोण काय खातं हे नावावरून ठरवू नका. चोरीस चवीने खाणारी हिंदू घरं आहेत आणि न खाणारीही आहेत. बोलावतानाच विचारा. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वेगळी जाळी, वेगळा चिमटा, आणि त्यांची भाजी सगळ्यात आधी, खोबरेल-लसूण लावून. जाळी एकदा चोरिसाच्या तेलाने पुसली की ती परत धुऊनही वापरू नका, समोरच्या माणसाच्या मनाला ते पटत नाही आणि त्याला पटणंच महत्त्वाचं. मटण-चिकन चालणाऱ्यांसाठी चिकन सॉसेज ठेवा. ते आधीच शिजवलेलं असेल तर उकडायला नको, खोबरेलाचा हात लावून सहा-सात मिनिटं मंद बाजूला.

व्रताचे दिवस, श्रावण, चतुर्थी बघून बेत ठरवा.

९. उरलेलं आणि आवराआवर

शिजलेला चोरीस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी त्याचा पुलाव करा: उरलेलं लाल तेल, कांदा, चोरीस, धुतलेले तांदूळ, नेहमीच्या मापाने पाणी. मीठ अर्धंच.

तेल उरलं तर काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा, घट्ट होतं. चमचाभर अंड्याच्या भुर्जीत घाला.

निखारे राखेखाली रात्रभर धगधगत राहतात. शेगडी तशीच सोडून झोपू नका, मांजरं-कुत्री उबेला येतात. निखारे चिमट्याने वाळूच्या बादलीत टाका आणि वरून वाळू लोटा. सकाळी हात लावून गार झालेत याची खात्री करा, आणि लाकडी कोळशाची राख माडाच्या आळ्यात टाका.